भिंतीवरील गुरु



ज्या घरांत कलाशाळेंत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत हल्लीं एक दृश्य नेहमीं दिसतें. टेबलावर मासिकांचीं मुखपृष्ठें, औषधांच्या वेष्टनांचे तुकडे, नाटकांचीं हस्तपत्रकें, आगपेट्यांवरील छाप असा पसारा मांडलेला असतो, आणि जोडीला हातांतील दूरध्वनीच्या कांचेवर देशोदेशींचीं चित्रें एकामागून एक सरकत असतात. वडील मंडळींस वाटतें कीं हा अभ्यास नव्हे, वेळेचा अपव्यय आहे. मुलीला आंतून भीति वाटत असते ती निराळीच: इतक्यांचें इतकें पाहिल्यावर आपलें म्हणून कांहीं उरेल काय? आणि शाळेंतील गुरुजी तर स्पष्टच विचारतात, "तुझ्यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे, तें लिहून आण." या प्रश्नाला उत्तर देतांना बहुतेक विद्यार्थी चारपांच परदेशी नांवें लिहून मोकळे होतात. नांवें बहुधा बरोबर असतात. त्यांच्यापासून काय घेतलें, हें मात्र कोणी सांगत नाहीं. आजच्या भाषणांत मला त्या "काय" विषयींच बोलावयाचें आहे.

उपयोजित कलेची एक शाखा अशी आहे, कीं जिच्यांत बोलण्याचें मुख्य काम अक्षरांकडे नसून चित्राकडे असतें. भित्तिपत्रक, पुस्तकाचें मुखपृष्ठ, मालाचें वेष्टन हीं तिचीं क्षेत्रें. तिला आपण चित्रप्रधान आरेखन म्हणूं. आतां चित्राविषयीं रेडिओवरून बोलणें म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचाच प्रकार. म्हणून एका चित्राचें वर्णन मी जरा सावकाश करतों. तें आपण आपल्या मनांतील भिंतीवर चिकटवून घ्यावें.

१८९१ सालच्या हिवाळ्यांत पॅरिसच्या रस्त्यांवर एक भित्तिपत्रक लागलें. त्याची उंची जवळजवळ माणसाएवढी. वरती "मूलँ रूज" हें एका नृत्यगृहाचें नांव एकाखालीं एक असें तीन वेळां लिहिलेलें. पण तिन्हींना मिळून पहिलें अक्षर एकच, तें भलें मोठें. चित्राच्या मध्यभागीं ला गूल्यू ही त्या काळची प्रसिद्ध नर्तकी, पाय उंच फेंकून नाचत आहे. तिच्या अंगांत ठिपक्यांची तांबडी चोळी, आणि तिचा झगा पांढराशुभ्र. हा पांढरा रंग लावलेलाच नाहीं. तो कोरा कागद आहे. तिच्या मागें प्रेक्षकांची रांग, पण एकाचाही चेहरा दिसत नाहीं. सगळे मिळून एक काळी सांवली. डाव्या बाजूला पिवळे गोळे तरंगतात, ते दिवे. आणि सर्वांच्या पुढें, आपल्या अगदीं डोळ्यांशीं, उंच टोपी घातलेला तिचा कृश जोडीदार, तोही करड्या सांवलीसारखाच, अर्धवट कापलेला. इतकेंच. थोडेसेच रंग, आणि पाहणारा क्षणांत त्या दिवाणखान्यांत, गर्दीच्या मागें टाचा उंचावून उभा.

हें चित्र आंरी द तूलूझ-लोत्रेक याचें. तेव्हां त्याचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें, आणि त्याचें हें पहिलेंच भित्तिपत्रक. त्याच नृत्यगृहासाठीं दोन वर्षें आधीं ज्यूल शेरे या नामांकित चित्रकारानें पत्रक काढलें होतें. शेरे हा लहानपणापासून शिळाछापाच्या कामांत वाढलेला; रंगीत भित्तिपत्रकांना पॅरिसमध्यें प्रतिष्ठा मिळवून दिली ती त्यानेंच. त्याच्या हंसऱ्या, हवेंत तरंगणाऱ्या ललना साऱ्या शहराच्या परिचयाच्या होत्या. लोत्रेकनें शेरेपासून दगड घेतला, ललना घेतल्या नाहींत. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ती ही.

दगड घेतला म्हणजे काय, तें सांगावयास हवें. शिळाछापाची युक्ति आलोइस झेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास बव्हेरियांत शोधून काढली. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या फरशीवर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, मग फरशीवर पाणी फिरवावयाचें. कोरा दगड पाणी धरतो, तेलकट रेघ पाणी झिडकारते. त्यावर शाईचा रूळ फिरविला, कीं शाई केवळ रेघेलाच चिकटते. प्रत्येक रंगाला निराळी शिळा, म्हणजे प्रत्येक रंगाला निराळें खर्च. सबब रंग थोडे हवेत. चित्र दगडावर उलटें काढावें लागतें, म्हणून आकृति सोपी हवी. आणि या पद्धतींत शिशाच्या खिळ्यांची गरजच नसल्यामुळें अक्षरेंही चित्रकारच आपल्या हातानें काढतो. अक्षर आणि चित्र एकाच हातचीं, एकाच वळणाचीं होतात. लोत्रेकच्या पत्रकांतील जो साधेपणा आज आपल्याला धाडसी वाटतो, त्याचा मोठा भाग दगडाच्या शिस्तींतून आलेला आहे.

राहिलेला भाग आला जपानांतून. १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत जपाननें भाग घेतला, आणि त्यानंतर लांकडी ठशांवरून छापलेलीं जपानी चित्रें त्या शहरांतील चित्रकारांच्या हातीं मोठ्या प्रमाणांत येऊं लागलीं. १८९० सालीं तर त्यांचें एक भव्य प्रदर्शनच तेथें भरलें. सपाट रंग, ठळक बाह्यरेषा, कडेला बेधडक कापलेली आकृति, अगदीं पुढें मोठी वस्तु ठेवून तिच्या आडून लांबचें दाखविणें, हें सारें तेथें होतें. लोत्रेकच्या चित्रांतील तो पुढचा अर्धवट कापलेला माणूस हिरोशिगेच्या झाडाचा वंशज आहे. हिरोशिगेनें १८५७ सालीं कामेइदो येथील आलुबुखाराच्या बागेचें चित्र काढलें, त्यांत एका झाडाचें वांकडें खोड सबंध चित्र अडवून उभें आहे आणि बाग पाहणारे लोक त्याच्या फांद्यांमधून इवलेसे दिसतात.

या चित्राची नक्कल व्हॅन गॉखनें १८८७ सालीं तैलरंगांत केली. नक्कल हा शब्द मी मुद्दाम वापरतों. शिकण्यासाठीं केलेली नक्कल आणि विकण्यासाठीं केलेली नक्कल यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. हातानें पुन्हां काढल्यावांचून दुसऱ्याचा निर्णय कळत नाहीं. संगीतांत गुरूची तान शिष्य हजार वेळां घोंटतो, त्याला कोणी चोर म्हणत नाहीं. पण व्हॅन गॉखच्या त्या नकलेंत एक मौजेची गोष्ट आहे. चित्राच्या दोन्ही बाजूंना त्यानें जपानी अक्षरांच्या पट्ट्या काढल्या, त्या मूळ चित्रांत नाहींत. दुसऱ्या छापांवरून उचलून शोभेसाठीं घातलेल्या आहेत. त्याला तीं अक्षरें वाचतां येत नव्हतीं. चित्रकाराला हें शोभून गेलें. आरेखकाला शोभणार नाहीं, कारण त्याच्या पत्रकांतील अक्षर कोणीतरी वाचणार असतें. देवनागरी अक्षराला रोमन अक्षराचा पोशाख चढवून आमचीं मुलें जेव्हां "नवी शैलि" म्हणून पुढें करतात, तेव्हां मला त्या पट्ट्या आठवतात.

आतां याच कथेचा दुसरा पदर पाहा. ज्या जपानी चित्रांनीं युरोपला वेड लावलें, त्यांतील तो गर्द निळा रंग कोठचा? होकुसाइनें १८३० च्या सुमारास फुजी पर्वताच्या दृश्यांची जी माला काढली, तिच्यांतील निळाईनें लोक थक्क झाले. तो रंग बर्लिनमध्यें अठराव्या शतकाच्या आरंभीं सांपडलेला; व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो जपानांत पोंचला. त्याच चित्रांतील दूरचें लहान दिसण्याची रीति, तीही युरोपांतून आलेल्या छापील चित्रांवरून तेथील कलावंतांनीं उचलली होती. म्हणजे पॅरिसनें जपानकडून जें घेतलें, त्यांत युरोपचेंच जुनें देणें व्याजासकट परत आलें होतें. "हें अस्सल आमचें" आणि "तें परक्याचें" असा वाद ज्यांना आवडतो, त्यांनीं हा निळा रंग एकदां अवश्य तपासावा.

इंग्लंडमधील जेम्स प्राइड आणि विल्यम निकल्सन या दोघां मेव्हण्यांची हकीकत थोडक्यांत सांगतों. घोड्यांच्या दाण्याच्या पोत्यावर पाहिलेलें "बेगरस्टाफ" हें नांव घेऊन त्यांनीं १८९४ पासून कागद कापून, चिकटवून भित्तिपत्रकें केलीं. बाह्यरेषा अर्धी सोडून द्यावयाची, आणि उरलेली पाहणाऱ्याच्या डोळ्यानें पुरी करावयाची, ही त्यांची खुबी. धंद्यांत मात्र त्यांना यश आलें नाहीं. १८९५ सालीं "डॉन क्विक्झोट" नाटकासाठीं केलेलें त्यांचें उत्तम पत्रक भिंतीवर लागलेंच नाहीं. पण पुढच्या पिढीचे आरेखक ज्यांच्याकडून शिकले, त्यांत या दोघांचें स्थान वरचें आहे.

बर्लिनच्या ल्यूसिअन बर्नहार्टची गोष्ट विद्यार्थ्यांना मी नेहमीं सांगतों. १९०५-०६ च्या सुमारास "प्रीस्टर" नांवाच्या आगकाड्यांसाठीं भित्तिपत्रकाची स्पर्धा जाहीर झाली. विशींतल्या या तरुणानें प्रथम जें चित्र काढलें, त्यांत टेबल होतें, टेबलावर कापड होतें, रक्षापात्र होतें, पेटती सिगार होती, धुरांतून प्रकट होणाऱ्या नर्तकीही होत्या, आणि शिवाय आगकाड्या. एका स्नेह्यानें विचारलें, "सिगारची जाहिरात छान झाली आहे." झालें. सिगार पुसली. सिगार गेल्यावर रक्षापात्राचें काय काम? तेंही गेलें. मग कापड, मग टेबल. शेवटीं उरल्या दोन तांबड्या काड्या आणि वरती ठळक अक्षरांत एक नांव. परीक्षकांनीं प्रथम तें कागदाच्या टोपलींत टाकलें होतें, आणि उशीरां आलेल्या एका परीक्षकानें तें बाहेर काढून त्याला बक्षीस देवविलें, असें सांगतात. या आख्यायिकेला थोडेंबहुत तिखटमीठ लागलें असेल, पण पत्रक आजही पाहावयास मिळतें आणि तें स्वतःच साक्ष देतें. येथें प्रभाव कोणाचा? दुसऱ्या चित्रकाराचा फारसा नाहींच. रस्त्याचा आहे. ट्रामच्या खिडकींतून पाहणाऱ्या माणसाजवळ दोन क्षणांपेक्षां अधिक वेळ नाहीं, हें ज्ञान त्या चित्राचें खरें प्रेरणास्थान.

ट्रामवरून कासांद्र आठवतो. तो खारकीव्ह येथें १९०१ मध्यें जन्मला आणि कीर्ति मिळविली पॅरिसमध्यें. त्याचें १९३५ चें "नॉर्मंडी" जहाजाचें पत्रक पुष्कळांनीं पाहिलें असेल. समोरून येणारें प्रचंड नाळेचें जहाज आणि खालीं इवलेसे पक्षी. मला त्याहून त्याचें १९३२ चें "द्यूबोने" या पेयाचें पत्रक अधिक शिकवणारें वाटतें. त्यांत एकच माणूस तीन वेळां काढला आहे. पहिल्या वेळीं तो पेल्याकडे पाहतो, दुसऱ्या वेळीं पितो, तिसऱ्या वेळीं पुन्हां ओततो; आणि जसजसें पेय पोटांत जातें तसतसा तो रेघांचा पोकळ माणूस रंगानें भरत जातो, आणि खालचें नांवही तुकड्यातुकड्यानें भरत जातें. चित्र आणि शब्द यांनीं एकाच ढंगानें, एकाच वेळीं तीच गोष्ट सांगावी, याचा इतका निर्मळ नमुना मला दुसरा ठाऊक नाहीं.

केवळ मालच विकावयाचा असता, तर या विद्येबद्दल एवढें बोलण्याचें कारण नव्हतें. जॉन हार्टफील्ड या जर्मन कलावंतानें कात्री, डिंक आणि छायाचित्रें एवढ्याच साधनांवर हिटलरशीं झुंज घेतली. जुलै १९३२ मध्यें एका सचित्र साप्ताहिकांत त्याचें एक चित्र प्रसिद्ध झालें. भाषण करणाऱ्या हिटलरच्या छातीचें क्ष-किरणांनीं घ्यावें तसें छायाचित्र, आणि आंत पाठीच्या कण्याच्या जागीं सोन्याच्या नाण्यांची चळत. व्याख्यान नको, आंकडे नकोत; पैसा कोठून येतो हें अडाण्यालाही कळावें. पुढल्याच वर्षीं त्याला जीव मुठींत धरून प्रागला पळावें लागलें. क्ष-किरण चित्राचा विषय वैद्यकाचा, तो येथें राजकारणाच्या कामीं आला. आरेखकाची सामग्री त्याच्या धंद्याबाहेर पडलेली असते, ती अशी.

आपल्याकडे वळतों. पुण्यास १८७८ सालीं चित्रशाळा छापखाना निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा त्यांत पुढाकार होता. देवादिकांचीं आणि मराठी वीरांचीं रंगीत चित्रें या छापखान्यानें घरोघर पोंचविलीं. १८९४ मध्यें राजा रविवर्म्यांनीं मुंबईंत शिळाछापाचा कारखाना घातला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. जर्मनीहून आणलेल्या यंत्रांवर लक्ष्मी, सरस्वती छापल्या गेल्या. त्या चित्रांनीं देवघराला जें रूप दिलें, त्याचा मान मोठा. पण आरेखनाच्या विद्यार्थ्याला मी तीं गुरुस्थानीं मानावयास सांगणार नाहीं. अनेक शिळांवरून छापून तैलचित्राचा भास निर्माण करणें ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती. ज्या दगडानें लोत्रेकला थोडक्यांत बोलावयास शिकविलें, त्याच दगडाकडून आम्हीं जास्तींत जास्त बोलवून घेतलें! आमच्या दिनदर्शिका पुढें कित्येक वर्षें त्याच भरजरी वळणानें चालत राहिल्या.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांची वाट निराळी होती. कलाशाळेची पायरी न चढतां, नात्यांतील बंधु आनंदराव यांच्यासमवेत नाटकांचे पडदे रंगवीत ते तयार झाले. लांबवर, शेवटच्या ओळींत बसलेल्या प्रेक्षकाला राजवाडा राजवाडाच दिसला पाहिजे, ही पडद्याची अट. स्वतः चित्रपट काढूं लागल्यावर त्यांनीं त्यांचीं पत्रकेंही रंगविलीं; १९२४ च्या "कल्याण खजिना" या मूकपटाचें पत्रक आपल्या देशांतील उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पत्रकांत गणलें जातें. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९३५ सालीं, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनीं. शिक्षणाच्या आधीं काम आलें होतें.

त्या शाळेंतून बाहेर पडलेले गोमंतकीय दीनानाथ दलाल यांनीं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि १९४५ पासून स्वतःच्या "दीपावली" अंकांत जें केलें, तें ज्यांच्या घरीं जुने अंक आहेत त्यांनीं काढून पाहावें. तीच रेघ, पण लेखकाचा पिंड बदलला कीं तिचा स्वभाव बदलतो. आणि अक्षर हेंच चित्र कसें होतें, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं र. कृ. जोशी यांचें काम धुंडाळावें. देवनागरीची शिरोरेघ ही केवळ वाचनाची सोय नाहीं; ती दोरी आहे, छप्पर आहे, क्षितिज आहे. लोत्रेकला ही रेघ मिळाली असती तर त्यानें तिचें काय केलें असतें, हा विचार मला पुष्कळदां गंमत देऊन जातो.

एका प्रभावाविषयीं मात्र जरा कडू बोलावें लागेल. वारली चित्रांचा आज जिकडे तिकडे सुळसुळाट झाला आहे. पेल्यांवर, पिशव्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर तीं त्रिकोणी माणसें गोल करून नाचत असतात. मूळांत हें चित्र लग्नघरांतील सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठीनें, सुवासिनी काढीत. मधोमध देवीचा चौक, आणि तो लिहिल्यावांचून लग्न लागत नसे. जिव्या सोमा म्हसे यांनीं तें कागदावर आणून स्वतःच्या प्रतिभेनें फुलविलें, आणि त्यांना २०११ मध्यें पद्मश्री मिळाली. शहरांतील आरेखकानें त्यांतून नुसता त्रिकोण उचलला. न चौक पाहिला, न त्या काढणाऱ्या हातांना मोबदला दिला. जपानी छाप विकत घेऊन, भिंतीवर लावून, वर्षानुवर्षें पाहून लोत्रेकनें जें घेतलें, त्याच्याशीं याची तुलना होऊं शकत नाहीं. वारली भिंतीपासून घेण्याजोगें पुष्कळ आहे. पांढऱ्या एकाच रंगांत दिवस, रात्र, पेरणी आणि वरात कशी मांडली, माणसांची दाटी असूनही डोळा कोठें अडत कसा नाहीं, हें घ्यावें. तें घेतलें तर त्रिकोण घेण्याची गरज पडत नाहीं.

आज यंत्राला चार शब्द सांगितले, कीं हव्या त्या चित्रकाराच्या धर्तीचें चित्र पळभरांत पुढें येतें. त्यामुळें पालकांची शंका अधिकच वाढली आहे, कीं मग मुलीनें शिकावयाचें काय? यंत्र धर्ती देतें. पण बर्नहार्टनें सिगार कां पुसली, हें तें सांगत नाहीं, कारण पुसण्याआधीं ती सिगार त्याला फार आवडली होती. म्हणून माझें विद्यार्थ्यांना सांगणें असतें, कीं महिन्याला एकच चित्र निवडा. तें हातानें पुन्हां काढा. मग त्या चित्रकारापुढें अडचण कोणती होती, तें लिहा: पैसा कमी, रंग थोडे, भिंत लांब, राजा क्रूर, कांहीं तरी असतेंच. आणि तीच अडचण आपल्या गल्लींतील एखाद्या कामाला लावून पाहा. वाचनालयाचें पत्रक, दळणाच्या गिरणीची पाटी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका. लोत्रेकसारखें दिसलें तर फाडून टाका.

आरंभाला एखादें मराठी चित्र हवें असेल, तर शि. द. फडणीस यांनीं १९५२ च्या "मोहिनी" दिवाळी अंकासाठीं काढलेलें मुखपृष्ठ घ्यावें. एक तरुण आणि एक तरुणी शेजारीं शेजारीं उभीं आहेत. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे, त्याच्या सदऱ्यावर मांजरांची. चित्राखालीं एक शब्दही नाहीं.